लुई प्रीमा येणार आहे

'बिग नाइट' हा १९९६चा सिनेमा ज्यांना आवडतो, ते त्याच्याबद्दल बोलताना जेवणाबद्दलच बोलतात. त्यातला रिसोत्तो, तो अवाढव्य टिंपानो, शेवटचं ऑम्लेट. रीलमध्ये कापून टाकायलाही हेच तुकडे सोयीचे. मला मात्र हा सिनेमा दर वेळी गाण्याबद्दलचा वाटतो. म्हणजे, न झालेल्या गाण्याबद्दलचा. एक प्रसिद्ध गायक आज रात्री आपल्या रेस्टॉरंटमध्ये जेवायला येणार, या एका वाक्यावर अख्खी गोष्ट उभी आहे. आणि तो गायक येत नाही.

(शेवट सांगितल्याशिवाय मला पुढे बोलता येणार नाही. ज्यांना आधी पाहायचाय त्यांनी पाहून या, दोन तासांच्या आतला आहे.)

गोष्ट अशी. १९५०चं दशक. अमेरिकेत न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर दोन इटालियन भाऊ 'पॅराडाइज' नावाचं छोटं रेस्टॉरंट चालवतात. थोरला प्रीमो स्वयंपाकघरात असतो, धाकटा सेकोंदो बाहेर. प्रीमोच्या हाताला चव आहे आणि नाकावर राग. सेकोंदोच्या अंगावर चांगला कोट आहे आणि डोक्यावर बँकेचं कर्ज. समोरच पास्कालचं रेस्टॉरंट आहे. तेही इटालियनच. तिथे लाल उजेड, गोंगाट, गर्दी, गाणंबजावणं, आणि थाळीभर स्पॅगेटी-मीटबॉल. इकडे शांतता. कर्ज फेडायला महिनाअखेरपर्यंतची मुदत मिळते, तेव्हा पास्काल मदतीचा हात पुढे करतो. लुई प्रीमा माझा मित्र आहे, मी त्याला फोन करतो, तो त्याच्या बँडसकट तुमच्याकडे जेवायला येईल, पेपरात बातमी येईल, तुमचं नशीब उघडेल. सेकोंदो उरलेसुरले पैसे त्या एका रात्रीच्या जेवणावर लावतो.

पास्कालने फोन केलेलाच नसतो.

स्टॅन्ली टुचीने हा सिनेमा त्याचा मावस-चुलत काहीतरी लागणारा भाऊ जोसेफ ट्रोपियानो याच्याबरोबर लिहिला आणि कॅम्पबेल स्कॉटबरोबर दिग्दर्शित केला. सेकोंदो तो स्वतः झाला. प्रीमो टोनी शालूब, जो नंतर 'मंक'मुळे घरोघरी पोचला. पास्काल इयान होम. सनडान्स महोत्सवात त्या वर्षी पटकथेचा पुरस्कार याला मिळाला होता, आणि तो का मिळाला हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं.

त्या पहिल्या दहा मिनिटांत एक बाई नवऱ्याबरोबर जेवायला येते. सीफूड रिसोत्तो मागवते. बराच वेळ थांबते, कारण रिसोत्तोला थांबावंच लागतं. तांदूळ परतून त्यात गरम स्टॉक डावाडावाने घालत, ढवळत, वीसेक मिनिटं उभं राहायचं असतं. शेवटी ताट येतं. बाईला त्यात मासेच फारसे दिसत नाहीत. मग ती विचारते, याच्याबरोबर स्पॅगेटी येत नाही का? सेकोंदो सांगतो, रिसोत्तो भाताचाच प्रकार, स्टार्चच तो, वर पुन्हा स्पॅगेटी कशाला. बाई हट्ट सोडत नाही. बरं, आणा स्पॅगेटी, आणि तिच्याबरोबर मीटबॉल? तर मीटबॉलही नाहीत. सेकोंदो हे आत सांगायला जातो तेव्हा प्रीमो जे पेटतो, ते पाहताना थिएटरात हशा पिकलाच असणार. भाताबरोबर पोळीऐवजी इडली मागितली तर आपल्याकडचा आचारी जसा बघेल, तसं.

इथून पुढे सिनेमाचं नेहमीचं वाचन सुरू होतं आणि ते फार सोपं आहे. प्रीमो म्हणजे कला, पास्काल म्हणजे बाजार, सेकोंदो मध्ये अडकलेला. पास्काल त्याला एक व्यावहारिक सल्लाही देतो: आधी लोकांना हवं ते द्या, मग तुम्हाला द्यायचंय ते द्या. नोकरी करणाऱ्या माझ्या वयाच्या लोकांना हे वाचन आवडतं, कारण त्यात आपण सगळे आपापल्या मनात प्रीमो असतो. क्लायंट म्हणजे ती बाई. मॅनेजर म्हणजे पास्काल. आम्हाला वीस मिनिटं ढवळून उत्तम रिसोत्तो करायचाय, आणि हे लोक वर मीटबॉल मागतायत. माझ्या ऑफिसात हा सिनेमा पाहिलेले दोघे आहेत, आणि दोघांनाही आपण प्रीमो आहोत याची खात्री आहे. त्यांचा कोड मी पाहिलाय. असो.

मला या वाचनावर आक्षेप आहे, आणि थोडा सिनेमावरही. त्या बाईला सिनेमा हसतो. तिला अडाणी ठरवून आपल्याला प्रीमोच्या बाजूला बसवतो. पण स्पॅगेटी आणि मीटबॉल एका थाळीत आले ते काही गोऱ्या अमेरिकनांच्या अडाणीपणामुळे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून विसाव्याच्या विशीपर्यंत लाखो इटालियन माणसं अमेरिकेत उतरली, बहुतेक दक्षिण इटलीतली, बहुतेक गरीब. गावी मांस सणासुदीला. इकडे ते परवडायला लागलं, तसे खिम्याचे गोळे मोठे झाले, सॉस वाढला आणि सगळं पास्त्यावर येऊन बसलं. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पोटभर मांस पाहिलं नव्हतं त्यांनी केलेली ही थाळी आहे. तिला 'खोटं इटालियन' म्हणायचा हक्क प्रीमोला कुठून मिळाला? शिवाय रिसोत्तो हा मुळात उत्तरेकडचा, पो नदीच्या खोऱ्यातल्या भातशेतीचा पदार्थ. म्हणजे प्रीमोचं 'शुद्ध' इटलीही एका गावचं नाही, त्यानेही जोडून घेतलेलंच आहे.

गाण्याचंही तेच. जेवताना गाणं म्हणजे अमेरिकी चटकपणा, अशी पास्कालच्या रेस्टॉरंटची मांडणी आहे. पण नेपल्समध्ये 'पोस्तेज्यातोरी' नावाची जमातच होती. मँडोलिन-गिटार घेऊन खाणावळीत टेबलाटेबलाशी गाणारे, आणि टोपी फिरवून पैसे गोळा करणारे कलावंत. १८९८ सालचं 'ओ सोले मिओ' आज जगभरच्या पिझ्झेरियांत वाजतं ते काही आकाशातून पडलेलं नाही, ते याच शहरातून आलं. त्याच खाणावळीची आठवण मग अमेरिकेत जाऊन चित्र बनली. डिस्नेचा 'लेडी अँड द ट्रॅम्प' १९५५चा, म्हणजे 'बिग नाइट' ज्या काळात घडतो त्याच काळातला. टोनीच्या रेस्टॉरंटच्या मागच्या गल्लीत दोन कुत्री एका थाळीत स्पॅगेटी खातायत, मीटबॉलसकट, आणि मालक व आचारी अकॉर्डियन-मँडोलिन घेऊन त्यांच्यासाठी गातायत. इटालियन जेवण आणि समोर चालू असलेलं गाणं, हे चित्र जगातल्या बहुतेक मुलांच्या डोक्यात असं दोन कुत्र्यांनी बसवलं. आपल्याही.

आणि ज्याची वाट पाहिली जातेय तो लुई प्रीमा कोण? हा खरा माणूस. १९१० साली न्यू ऑर्लीन्समध्ये सिसिलीहून आलेल्यांच्या घरात जन्मलेला. ट्रम्पेट वाजवायचा, खरखरीत आवाजात गायचा. बेनी गुडमनने ज्याला अजरामर केलं ते 'सिंग, सिंग, सिंग' मूळ त्याचं, १९३६चं. पुढे १९५४ पासून लास व्हेगसच्या सहारा हॉटेलात, मोठ्या सभागृहात नव्हे तर तिथल्या लाउंजमध्ये, तो आणि त्याची बायको कीली स्मिथ मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत कार्यक्रम करायचे. आपल्या पिढीने त्याला नाव न कळता ऐकलंय: १९६७च्या 'जंगल बुक'मध्ये मोगलीला पळवून नेणारा माकडांचा राजा लुई, तो आवाज याचाच.

प्रीमाचा धंदा काय होता? इटालियनपणा विकणं. मोडकीतोडकी इटालियन-इंग्रजी, तोंडात पदार्थांची नावं, पिझ्झेरियातल्या वेट्रेसवर गाणं, थोडा विनोद, थोडी मस्ती. तो अमेरिकेत जन्मलेला, पण स्टेजवर मुद्दाम गावाकडचा होणारा. म्हणजे गाण्यातला पास्कालच. प्रीमो ज्याच्यासाठी जीव तोडून रांधतोय तो माणूस मीटबॉलच्या बाजूचा आहे. सिनेमा हे कुठेही बोलून दाखवत नाही, पण नावांमध्ये लपवून ठेवतो. इटालियन जेवणात 'प्रीमो' म्हणजे पहिला वाढा, पास्ता किंवा रिसोत्तो. 'सेकोंदो' म्हणजे दुसरा, मांस किंवा मासे. आणि प्रीमो ज्याची वाट पाहतो तो प्रीमा. एका अक्षराचा फरक. लुई प्रीमा खरंच आला असता आणि त्याने ताटाकडे बघून मीटबॉल मागितले असते, तर? मला तो सिनेमाही पाहायला आवडला असता.

आता ती रात्र. पाहुणे जमलेत. फुलवाली, गाडी विकणारा, चित्रकार, पेपरवाला, पास्काल आणि त्याची प्रेयसी गाब्रिएला (इझाबेला रोसेलिनी, तिच्याशी सेकोंदोचंही लफडं आहे, आणि हे सगळं प्रकरण सिनेमातला सगळ्यात आळशी भाग आहे. मिनी ड्रायव्हरला तर वाट पाहण्यापलीकडे लिहिलेलंच नाही). रेकॉर्ड वाजतायत, लोक पितायत, नाचतायत. प्रीमा येत नाही. उशीर होत जातो. शेवटी सेकोंदो ठरवतो, की वाढायला घ्या.

इथे सिनेमा श्वास घेतो. सूप येतं, मग इटलीच्या झेंड्यासारखा हिरवा, पांढरा, लाल असा तीन रंगांचा रिसोत्तो. मग टिंपानो. हा टुचीच्या स्वतःच्या घरचा पदार्थ. मोठ्या भांड्यात कणकेची पातळ चादर अंथरायची, तिच्यात पास्ता, सॉस, सलामी, चीज, उकडलेली अंडी आणि हो, छोटे मीटबॉल भरायचे, चादर वरून मिटायची, भट्टीत घालायचं आणि उलटं करून काढायचं. टिंपानो या शब्दाचा अर्थ नगारा. उलटा काढलेला तो घुमट दोघे भाऊ बोटांनी वाजवून बघतात, कान लावून ऐकतात. ज्या रात्री वादक आला नाही त्या रात्रीचं वाद्य हे, आणि त्याच्या पोटात तेच मीटबॉल आहेत ज्यांच्यावरून पहिल्या प्रसंगात युद्ध झालं होतं. मला हा योगायोग वाटत नाही. वाटला तरी चालेल.

कापल्यावर पास्काल एक घास खातो आणि संतापतो. इतकं चांगलं कसं काय, म्हणून खरोखर चिडतो. इयान होमचा हा क्षण माझ्या मते सिनेमातला सर्वोत्तम आहे, कारण इथे कळतं की पास्कालला चव कळते. त्याच्या धंद्याच्या मुळाशी अज्ञान नाही. तो वाईट जेवण वाढतो ते निवडून. आणि त्याला हे दोघे भाऊ उद्ध्वस्त होऊन आपल्याकडे नोकरीला यायला हवेत, तेही त्याला चव कळते म्हणूनच. पुढे सेकोंदो त्याला जाब विचारतो तेव्हा तो सांगतो की मी धंदेवाला आहे, ज्या वेळी जे व्हावं लागेल ते मी होतो. तू कोण आहेस ते सांग. सेकोंदोकडे उत्तर नाही. सिनेमाकडेही नाही, आणि त्याने ते बनवून दिलं नाही याबद्दल मी आभारी आहे.

पण नेहमीचं वाचन इथे जे गाळतं ते असं: हे जेवण झालं ते खोट्या आश्वासनामुळे. लुई प्रीमा येणार नसता तर ती माणसं आली नसती. प्रीमोचा टिंपानो तेव्हाही इतकाच चांगला झाला असता आणि कोणीही खाल्ला नसता. जेवण संपल्यावर टेबलावर डोकं टेकून, विस्कटून, तृप्त पडलेली ती सगळी माणसं, त्यातली आईच्या वाईट स्वयंपाकाच्या आठवणीने रडणारी ती बाई, यांना दारातून आत कोणी आणलं? एका न आलेल्या गायकाने. आणि त्याहून पुढे, तो आला नाही म्हणूनच त्यांनी ताटाकडे पाहिलं. बँड वाजत असता तर तो तीन रंगांचा भात कुणाला आठवला असता?

हे मला इतकं महत्त्वाचं का वाटतं, तर उलटी बाजू मी जवळून पाहतो. इंजिनिअरिंगचा माझा एक मित्र शनिवार-रविवारी पुण्यात, बाणेरकडच्या एका 'इटालियन' रेस्टॉरंटमध्ये गातो. गिटार, एक माइक, कोपऱ्यातलं उंच स्टूल. मेन्यूवर पेने अराबियाता आहे आणि पनीर टिक्का पिझ्झाही. गाणी अरिजितची, आणि तासाभरात एखादं टेबल 'बेला चाओ' ओरडतंच. फॅसिस्टांशी लढणाऱ्यांचं म्हणून ओळखलं जाणारं गाणं, आपल्याकडे 'मनी हाइस्ट'मधून तिरामिसूपर्यंत पोचलं. तो तेही गातो, मनापासून. टाळ्या पडतात त्या मात्र वाढदिवसाचा केक आला की, आणि त्या केकसाठी असतात. त्याला रात्रीचे ठरलेले पैसे मिळतात आणि आत स्टाफबरोबर वरण-भात. पास्ता नाही. म्हणजे इथे लुई प्रीमा दर शनिवारी वेळेवर येतो, आणि त्याला कोणी ऐकत नाही, आणि ताटात काय आहे तेही कोणी बघत नाही. दोन्ही कला एकमेकींना झाकून टाकतात आणि बिल मात्र दोन्हींचं लागतं.

मित्राला हा सिनेमा दाखवला तेव्हा त्याने एकच गोष्ट विचारली. प्रीमा आला असता तर त्याला जेवण फुकट मिळालं असतं, पण गाण्याचे पैसे कोण देणार होतं? खरंच, कोणीच नाही. सेकोंदो धरूनच चाललाय की प्रीमा जेवेल, खूश होईल आणि त्याचं नाव आपोआप दुकानाला चिकटेल. दुसऱ्याच्या कलेबद्दल तो पास्कालइतकाच हिशेबी आहे. एक चित्रकार त्यांच्याकडे चित्र देऊन जेवतो, तेवढाच काय तो बरोबरीचा सौदा सिनेमात दिसतो.

तरीही मी सेकोंदोच्याच बाजूचा आहे. प्रीमो व्हायला कोणालाही आवडेल. स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचं आणि बाहेरच्यांना अडाणी म्हणायचं. पण त्या बाईच्या टेबलाशी जाऊन हसतमुखाने उभं राहायचं, आतला संताप बाहेर नेताना गाळायचा आणि बाहेरची मागणी आत नेताना मऊ करायची, हे काम सेकोंदो करतो. या कामाला कोणी कला म्हणत नाही. टीममध्ये असं काम करणारा माणूस सोडून गेला की तीन आठवड्यांनी कळतं. टुचीने ते चेहऱ्यावर इतकं बारीक दाखवलंय, की पुन्हा पाहताना मी शालूबऐवजी त्याच्याचकडे बघत राहतो.

समुद्रकाठी दोघा भावांचं हाणामारीपर्यंतचं भांडण होतं. पैसे संपलेत, रेस्टॉरंट जाणार हे दोघांना कळलंय. मग सकाळ होते आणि सिनेमातला शेवटचा प्रसंग येतो, जवळपास पाच मिनिटांचा, एकाच शॉटमध्ये, जवळजवळ शब्दांशिवाय. सेकोंदो स्वयंपाकघरात येतो. वेटर क्रिस्तियानो तिथेच झोपलाय. सेकोंदो अंडी फोडतो, फेटतो, तव्यावर टाकतो. तीन भाग करतो. एक स्वतःला, एक क्रिस्तियानोला, एक तव्यातच राहतो. प्रीमो आत येतो. सेकोंदो उठून उरलेला भाग त्याला वाढतो. क्रिस्तियानो निघून जातो. दोघे शेजारी बसून खातात, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकतात, आणि खात राहतात. या जेवणाला आमिष नाही, पाहुणे नाहीत, बिल नाही. आणि रांधणारा प्रीमो नाही, हे लक्षात घ्या. बाहेर उभा राहणारा भाऊ आज आत रांधतोय आणि थोरला निमूट खातोय.

संगीतही नाही. सिनेमाभर लुई प्रीमाची गाणी आपल्याला ऐकवत आलेल्या या लोकांनी इथे सगळं बंद केलंय. फक्त काटा-चमच्याचा आवाज.

त्या रात्रभर ताटं नेणारा, जवळपास एकही वाक्य नसलेला क्रिस्तियानो झालाय मार्क अँथनी. सिनेमा आला तेव्हाच तो साल्साचा नावाजलेला गायक होता आणि पुढे जगभर स्टेडियमं भरवणारा झाला. सगळे दाराकडे डोळे लावून प्रीमाची वाट पाहत होते, तेव्हा तो तिथेच हातात ट्रे घेऊन उभा होता.